कारभारी

द्रव्याची निंदा करणें आम्हां शिक्षकांस फार सुलभ जातें. कारण मोह पडावा इतकें तें आमच्याजवळ सहसा सांचतच नाहीं. कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवितांना कृपणांवर आणि उधळ्यांवर आम्ही पंचवीस वर्षें सारखेच ताशेरे झाडले. आपण या दोहोंत मोडत नाहीं, असें आम्हांस वाटे. हा भ्रम गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत अठराव्या शतकांतील एका धर्मोपदेशकानें दूर केला.

मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यानें आपल्या एका प्रवचनांत ऑक्सफर्डच्या एका तरुणाची हकीकत सांगितली आहे. हा तरुण तो स्वतःच, असें मानतात. एका वर्षीं त्यास ३० पौंड मिळाले. त्यानें २८ पौंडांत निर्वाह करून २ पौंड गरिबांस दिले. पुढील वर्षीं प्राप्ति ६० पौंड झाली, तरी निर्वाह २८ पौंडांतच, दिले ३२. तिसऱ्या वर्षीं ९० मिळाले, तेव्हां दिले ६२. द्रव्य मिळविणें वेस्लीस त्याज्य वाटत नसे. सचोटीनें मिळवावें, काटकसरीनें राखावें, असें तो सांगे. मात्र त्यापुढें देणें नसेल तर हे दोन गुणच मनुष्यास बुडवितात, हें त्यानें ओळखलें होतें. आपले अनुयायी उद्योगी व काटकसरी झाल्यामुळेंच श्रीमंत होत आहेत, आणि श्रीमंतीमुळें त्यांची भक्ति आटत आहे, ही चिंता त्यास उतारवयांत जाळीत असे.

या वृत्तीच्या मुळाशीं एक ख्रिस्ती कल्पना आहे: संपत्ति ईश्वराची, मनुष्य तिचा केवळ कारभारी. हा शब्द आपणांस परका नाहीं. आमच्या खेड्यापाड्यांतील स्त्री नवऱ्याचें नांव न घेतां त्यास ‘कारभारी’च म्हणते. किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेला असतात. पण भांडार धन्याचें, आणि हिशेब केव्हां तरी द्यावाच लागतो.

हें वाचून आम्ही आमच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या काढल्या. पगार ज्या ज्या महिन्यांत वाढला, त्या त्या महिन्यापासून गरजाही तंतोतंत तेवढ्याच वाढलेल्या! एका पानावर पुस्तकांच्या सागवानी कपाटाची रक्कम होती. त्याच आठवड्यांत एक विद्यार्थी परीक्षेच्या फीसाठीं आमच्या दारीं आला होता. ‘सध्यां ओढाताण आहे,’ असें आम्ही त्यास सांगितलें. तें खोटें नव्हतें. परंतु ती ओढाताण आम्हीच विकत आणली होती. तो मुलगा पुढें कॉलेजांत दिसला नाहीं.

गृहिणीस हें सारें सांगितलें, तेव्हां तिनें विचारलें, “त्या वेस्लीला मुलेंबाळें किती होतीं?” त्यास स्वतःचें अपत्य नव्हतें, हें आम्हांस कबूल करावें लागलें. संसारी मनुष्यास २८ पौंडांची रेघ जन्मभर सांभाळतां येणार नाहीं, हा तिचा आक्षेप रास्त होता. शेवटीं असें ठरलें: पगारवाढ होतांच, गरजांना तिचा सुगावा लागण्यापूर्वीं, तिचा अर्धा भाग गरजू विद्यार्थ्यांच्या फीकरितां बाजूस काढावयाचा.

नव्या वहीच्या पहिल्या ओळींत आम्ही ‘दान’ असें लिहिलें. तिनें तें खोडून ‘देणें’ असें लिहिलें. “अहो, दुसऱ्याच्या पैशाचें दान कसलें?” ती म्हणाली.

कपाट अजून आमच्या खोलींत आहे. त्याची किंमत मात्र आम्ही अद्यापि फेडीत आहों.