पनवेल, पेण, वडखळ

रविवारच्या ऑफिसला स्वतःचा असा एक वास असतो. शनिवारी दुपारी लावून घेतलेल्या खिडक्यांचा, दमट फायलींचा, कपाच्या तळाशी वाळून गेलेल्या चहाचा, आणि पावसाळा असेल तर कुणाच्या तरी खुर्चीमागे विसरलेल्या ओल्या छत्रीचा. १९९४च्या जुलैत फोर्टातल्या एका जुन्या दगडी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सलग चार रविवार मी या वासात काढले. कस्टममधून माल सोडवून देणारी पेढी होती ती. ४० टेबलं, ४० फोन, बाहेरच्या ६ लाइनी आणि भिंतीवर आम्ही ठोकलेली, शाळेच्या दप्तराहून थोडी मोठी अशी एक करडी पेटी. बिलावर तिचं नाव ईपीएबीएक्स. ऑफिसातले लोक तिला ‘ते नवीन मशीन’ म्हणत. आम्ही दोघं नुसतं ‘पेटी’ म्हणायचो.

आम्ही दोघं म्हणजे भाऊ आणि मी. भाऊ मालवणकडचे. वयाने माझ्या वडलांएवढे, पण बोटं गजरे विणणाऱ्या बाईसारखी हलकी. जाड केबलची साल उतरवली की आतून रंगांचा झुबका बाहेर पडायचा आणि भाऊ तो केस विंचरावेत तसा बोटांनी विंचरून जोड्या वेगळ्या करायचे. पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी, पांढरी-तपकिरी, पांढरी-राखाडी. मग हेच पाच रंग लालबरोबर, मग काळीबरोबर, मग पिवळीबरोबर. जोडीतल्या दोघी तारा एकमेकींना पीळ घालून असतात. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. उरतं ते फक्त बोलणं. पीळ जितका सुटेल तितका गोंगाट आत येतो. “लागता तेवढोच सोड रे झिला,” भाऊ म्हणायचे. मग तार टॅगवर ठेवून क्रोनच्या हत्याराने दाबायची. टक्. त्या एका आवाजात तार खाचेत बसते, तिची साल चिरली जाते आणि उरलेलं शेपूट तुटून खाली पडतं. संध्याकाळपर्यंत पायाशी रंगीत तुकड्यांची रांगोळी झालेली असायची. झाडून काढायचं काम माझं.

तारा दातांनी सोलायची खोड मला तेव्हा लागली होती. एकदा तार दातांत आणि नेमकी त्याच लाइनीवर घंटी आली. फोनची घंटी म्हणजे ७५ व्होल्टच्या आसपासची उलटसुलट वीज. जिभेला ती चिंचेसारखी लागते, पण चिंच अशी थोबाडीत मारत नाही. भाऊ इतके हसले की त्यांना शिडीवरून उतरून खाली बसावं लागलं.

समोरच्या भिंतीशी जुना बोर्ड अजून उभा होता. लाकडी, टेबलाएवढा, छिद्रांच्या रांगा असलेला. पुढ्यात वजनं लावलेल्या दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकांना हाताळून हाताळून उजळलेल्या पितळी पिना. साहेबाला अकाउंट्समधला कुणी हवा असेल तर ऑपरेटर मॅडमनी एक पीन साहेबाच्या छिद्रात, दुसरी त्या माणसाच्या छिद्रात खुपसायची, कानावरच्या हेडफोनातून क्षणभर ऐकायचं, लागलं असं वाटलं की आपण बाजूला व्हायचं. या बाजूला होण्यात त्यांची सारी कला होती. मॅडम म्हापशाच्या. नुसत्या ‘हॅलो’वरून त्यांना माणसाची सर्दी कळायची, भांडण कळायचं, आज पगाराची उचल मागणार आहे हेही कळायचं. नव्या पेटीत त्यांच्यासाठी बटणांचा फोन होता, नोकरीही तीच होती. पण टेबलावरून टेबलावर बोलायला आता त्या मध्ये लागणार नव्हत्या. शेवटच्या रविवारी त्या चर्चमधून परस्पर ऑफिसात आल्या. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात छत्री. “बघायला आले,” एवढंच म्हणाल्या आणि बोर्डासमोरच्या आपल्या उंच खुर्चीवर बसल्या.

दुपारी पेटीला वीज दिली. हिरवा दिवा लुकलुकला, स्थिरावला. मी २०१चा रिसीव्हर उचलून कानाला लावला.

टोन.

आयुष्यात हजारदा ऐकलेला आणि एकदाही न ऐकलेला असा तो सूर. ४०० हर्ट्झच्या आसपासचा. हार्मोनियमवाल्या पेटीवर शोधलात तर पांढरी पाचच्या केसभर वर सापडेल. बाहेर पाऊस तिरपा होऊन खिडकीच्या काचा धूत होता, खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, छतावरच्या कबुतरांची घुमी घुमघुम पंख्याच्या नळीतून खाली उतरत होती, आणि त्या सगळ्याच्या तळाशी हा एक सूर, कुणाचाही नसलेला, कशाचाही आग्रह न धरणारा, उंबऱ्यावर उभं राहून नुसतं ‘बोल’ म्हणणारा. मी किती वेळ तो धरून उभा होतो कोण जाणे. भाऊ पलीकडच्या खोलीतून ओरडले, “नंबर फिरव की! गाणा ऐकतंस काय?”

चाचणीची रीत साधी. भाऊ ऑपरेटरच्या फोनवर. मी टेबलागणिक जायचं, टोन ऐकायचा, ९ दाबायचा, तिकडे घंटी, बोलणं, ठेवणं. मग त्यांनी मला उलटा फोन करायचा. ४० टेबलं.

“बोल काय तरी,” भाऊ म्हणाले.

काय बोलू? गप्पांना विषय नाही, निरोप नाही, कामही नाही. रिकाम्या ऑफिसात, एका भिंतीपलीकडच्या माणसाशी, फक्त ऐकू जावं म्हणून बोलायचं. मी म्हणालो, “हॅलो, एक, दोन, तीन.”

“एक दोन तीन नको. तू तीन म्हणूच्या आधीच माझ्या कानाक तीन ऐकाक येता.”

तिकडे क्षणभर शांतता. मग त्यांचा आवाज आला: “पनवेल.”

मी म्हणालो, “पनवेल.”

“इला. आता पुढचो फोन.”

२०२वर पेण. २०३वर वडखळ. मग नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, महाड. एसटीच्या खिडकीशी बसून भाऊंनी जो रस्ता वर्षानुवर्षं गणपतीला आणि शिमग्याला पाहिला होता तो त्यांनी त्या ऑफिसात टेबलांवरून नेला. मी एका बाजूने म्हणायचं, त्यांनी दुसऱ्या बाजूने. २०४वर कोण बसत असे मला ठाऊक नाही, पण काचेखाली शिर्डीच्या साईबाबांचा फोटो आणि त्याला खेटून पिवळी पडलेली लोकलच्या वेळांची चिठ्ठी होती, आणि तिथे मी नागोठणे म्हणालो. माणगावच्या टेबलाखाली बायकी चपलांचा एक जोड पाय मोकळे करायला ठेवलेला होता. पोलादपूरच्या खणात कुणाच्यातरी खोकल्याच्या गोळ्या खुळखुळल्या. कशेडीचा घाट साहेबाच्या केबिनमध्ये लागला, जिथला गालिचा इतका जाड होता की माझा आवाज मलाच कमी आला. आणि खेड, चिपळूण, सावर्डे करत मी जहाजांच्या कॅलेंडरांमधून, शिक्क्यांमधून, टाचण्यांच्या डब्यांमधून आरवलीपर्यंत पोचलो, तेव्हा त्या परक्या माणसांचा, मी कधीही न पाहिलेल्या माणसांचा, मला थोडा थोडा लळा लागला होता.

या रस्त्यात भाऊंचा जीव होता हे उघड आहे, पण त्यात हिशेबही होता. फोनची तार माणसाचा सगळा आवाज नेत नाही; ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ती आत घेते. ‘स’मधली शीळ, ‘श’मधली सळसळ, ‘फ’मधली फुंकर यांचा बराचसा भाग त्याच्या वर राहतो आणि बाहेरच गळून पडतो. म्हणून फोनवर ‘स’चा ‘फ’ होतो आणि आपण नावं फोड करून सांगतो. आकडे कुठल्याही मोडक्या लाइनीवरून पोचतात, कारण पुढचा आकडा ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतो. संगमेश्वर पोचवायला मात्र लाइन चांगली लागते. भाऊंना हर्ट्झ माहीत नव्हते. संगमेश्वर माहीत होतं.

हर्ट्झ मला पुढे पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात भेटले, आणि तिथेच पुढच्या पानावर अशी एक गोष्ट होती की मी पुस्तक मिटून बसलो. पुरुषाचा आवाज ज्या कंपनावर उभा असतो ते साधारण १०० ते १५०च्या दरम्यानचं. म्हणजे ३००च्या दाराबाहेरचं. आवाजाचा पाया तारेत शिरतच नाही. त्याच्यावर रचलेली स्वरांची उतरंड तेवढी पोचते, आणि तिच्यावरून ऐकणाऱ्याचं मन तो पाया आपला आपण भरून घेतं. गावाहून वडलांचा फोन यायचा, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात, आणि त्यांच्या आवाजातला तो खर्ज ऐकला की माझ्या पोटात धीर यायचा. तो खर्ज फोनमधून कधी आलाच नव्हता.

तो माझाच होता.

तर, संगमेश्वर. २१६. मी म्हणालो, भाऊ म्हणाले, स्वच्छ. मी रिसीव्हर ठेवणार, इतक्यात आमच्या दोघांच्या गप्प बसण्याखालून काहीतरी हललं. विहिरीच्या पाण्याखालून कुणी बोलावं तसं. बाई बोलत होती. शब्द नव्हते, नुसता हेल. कोकणीचा तो वर चढून अलगद खाली सोडून देणारा हेल. भाऊंनी ऑपरेटर मॅडमना बाहेरची लाइन तपासायला शेजारच्या २१७वर बसवून “कुठंतरी एसटीडी लावा” म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांनी घरी लावला होता. मी ऐकू नये हे मला कळत होतं. तरी मी ऐकत राहिलो. सगळ्या बोलण्यातून एकच शब्द माझ्यापर्यंत सबंध आला. पावस. तिकडेही पडत असणार.

दोन फोन एकमेकांत ऐकू येतात याला कारण असतं, आणि या वेळी कारण मीच होतो. १६वी जोडी पिवळी-निळी, १७वी पिवळी-नारिंगी. पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडला की पिवळीत आणि पिवळीत फरक उरत नाही. पेटीपाशी मी त्या दोघींची अदलाबदल केली होती. मीटर लावल्यावर जुळेना, तेव्हा मूळ चूक शोधायच्या ऐवजी टेबलाच्या टोकाला पुन्हा तीच अदलाबदल केली. चुकीला चूक जोडली आणि टोन आला. घंटी आली, बोलणं आलं, सगळं आलं. फक्त एकीची तार दुसरीच्या पिळात अडकून राहिली, आणि एका घरचा पाऊस दुसऱ्याच्या कानात झिरपायला लागला. भाऊंना सांगताना माझी मान खाली होती. ते रागावले नाहीत. मॅडमचं बोलणं संपेपर्यंत थांबले, शिडी लावली, चारही टोकं काढून पुन्हा बसवली. चार वेळा टक्.

त्या दिवशी मला एक प्रश्न पडला होता आणि तो मी भाऊंना विचारलाही: ४० माणसं आणि बाहेरच्या लाइनी ६च, पुरणार कशा? “सगळे एकदम थोडेच बोलतंत,” ते म्हणाले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग नावाच्या गणितज्ञाने १९०९मध्ये याच वाक्याचं शास्त्र मांडलं आणि आजही टेलिफोनची गर्दी त्याच्या नावाच्या एककात मोजतात. एकाचं गप्प असणं ही दुसऱ्याची लाइन. मराठी सभासंमेलनांना हे अजून कळवलेलं नाही.

राजापूर, खारेपाटण, तळेरे, नांदगाव, कणकवली. २२५ला कसाल आलं. “हंय उतरूचा,” भाऊ म्हणाले; तिथून फाटा मालवणला जातो. पण टेबलं अजून १५ शिल्लक होती, म्हणून २२६ला आम्ही पुन्हा पनवेलहून निघालो आणि दुसऱ्या खेपेला अंधार पडता पडता आरवलीला अडकलो. भाऊंनी दिवे मालवले. मॅडमनी जाताना जुन्या बोर्डावरच्या दोऱ्या एकेक सरळ करून ठेवल्या, सोमवारी लागणार असल्यासारख्या.

आता मी जी कामं पाहतो त्यांत पेटी नसते. ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत फोन संगणकाच्याच तारेला जोडतात. तो जागा होतो, आपलं नाव-गाव कुठूनतरी विचारून घेतो, आणि पडद्यावर हिरव्या खुणांची रांग उमटते. चाचणी झाली. आवाजाचे तुकडे करून पाठवतात, आणि माणूस गप्प असेल तेव्हा काहीच पाठवत नाहीत, उगाच जागा कशाला अडवा. पण मग लाइन मेल्यासारखी वाटते, माणसं घाबरून ‘हॅलो, हॅलो’ करतात. म्हणून आपल्या बाजूचा फोन आपल्याच कानात हलकी खरखर तयार करून सोडतो. पलीकडे कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून केलेली ही खोटी शांतता. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा मी तिच्याखाली काही हलतंय का ते पाहत राहिलो. हाताखालचा मुलगा म्हणाला, “सर, सगळे ग्रीन आहेत, टेस्ट झाली.” मी त्याला दुसऱ्या टोकाच्या फोनपाशी पाठवलं आणि वडखळपर्यंत गेलो. त्याला वाटलं असेल, सरांना सुट्टी हवी आहे.

तुमच्या ऑफिसात नवे फोन बसतील तेव्हा हिरव्या खुणांवर विसंबू नका, आणि एक-दोन-तीनही म्हणू नका. आपल्या गावचा रस्ता म्हणा, एका थांब्याला एक फोन. वाटेत संगमेश्वर लागत असेल तर उत्तमच.