एक्स्ट्रा ईस्ट

नोकरीच्या पहिल्याच दिवशी एचआरवाल्या मुलीनं माझा फॉर्म परत आणून दिला. करंट अॅड्रेस : गोरेगाव. परमनंट अॅड्रेस : गोरेगाव.

‘दोन्ही सेम आहेत तर नुसती टिक करायची ना,’ ती म्हणाली.

‘सेम नाहीयेत.’

‘मग काय, एक ईस्ट आणि एक वेस्ट?’

‘दोन्ही ईस्टच. पण एक जरा जास्त ईस्ट आहे.’

जरा म्हणजे सुमारे हजार किलोमीटर. मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावचा. तालुक्याचं गाव, चहूकडे धानाच्या बांध्या. नोकरी मुंबईत लागली आणि परवडेल अशी खोली मिळाली ती नेमकी मुंबईच्या गोरेगावात. घरी फोन केला की आई विचारायची, ‘कुठं आहेस?’ मी म्हणायचो, ‘गोरेगावात.’ पहिले काही दिवस ती बिचारी दाराकडे बघायची!

तर हा गोरेगावचा घोळ मला एका ग्रुपमध्ये घेऊन गेला. फुटबॉलशी माझं नातं तोवर हॉस्टेलच्या टीव्हीपुरतंच होतं. नागपूरला इंजिनीअरिंग करताना रात्री जागून प्रीमियर लीग बघायची आणि मॅन्चेस्टर कुठल्या दिशेला आहे हे माहीत नसताना ‘आपण हरलो यार’ म्हणत सुतकी चेहऱ्यानं झोपायचं. मुंबईत रूममेटकडे एक तिकीट जास्तीचं होतं म्हणून अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातल्या मुंबई फुटबॉल अरेनात गेलो. मुंबई सिटी एफसीची मॅच. रूममेटनं मला वेस्ट ब्लॉक ब्लूजच्या मधोमध उभं केलं. उभंच! कारण तिथं कुणी बसतच नाही. ड्रम, झेंडे, नव्वद मिनिटं अखंड आरडाओरडा. शेजारच्यानं विचारलं, ‘कुठला रे तू?’ सवयीनं म्हटलं, ‘गोरेगाव.’

‘अरे सही! मग जाताना एकत्रच जाऊ. आझादनगरला मेट्रो पकडायची, अंधेरीहून लोकल.’

मी चूक दुरुस्त केली नाही. मुंबईत मला पहिल्यांदाच कुणीतरी ‘एकत्र जाऊ’ म्हणत होतं हो!

पुढे गावी जायला निघालो तेव्हा सगळं बाहेर आलं. ‘गोरेगावला जायला विदर्भ एक्स्प्रेस?’ म्हणून पब्लिक इतकं हसलं की त्या दिवसापासून माझं नाव पडलं, ‘एक्स्ट्रा ईस्ट’.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२५चा जुलै. आयएसएलचा पुढचा सीझन आयोजकांनी थांबवून ठेवल्याची बातमी आली आणि आमच्या ग्रुपवर मॅचच्या प्लॅनिंगऐवजी जुने फोटो यायला लागले. मॅचच नाही तर सपोर्टर करणार काय? जुन्या मॅचेस चघळणार. आणि जास्तीत जास्त फोटो होते ते एकाच सीझनचे, २०२३-२४चे.

बॉस, काय सीझन होता तो! एशियन चॅम्पियन्स लीगचंच बघा. सहा मॅचेस, सहाही हरलो. ६ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सौदीचा अल-हिलाल आला. नेमार येणार म्हणून अख्ख्या मुंबईला फुटबॉल आवडायला लागला होता. तो गुडघा दुखावून घरी बसला, आणि आम्ही ०-२ हरलो. मग कोच डेस बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेला. त्याच्या जागी पेत्र क्रॅटकी आला. २० डिसेंबरला मोहन बागानला अंधेरीत २-१ हरवलं, पण रेफ्रीनं दोन्ही टीम मिळून सात रेड कार्डं काढली. सात! जानेवारीत ग्रेग स्टुअर्टही गेला. दर पंधरा दिवसांनी आम्ही म्हणायचो, ‘संपलं आता.’ आणि टीम आपली जिंकत जिंकत टेबलाच्या टोकाला.

पण मला त्या सीझनची आणखी एक गोष्ट आठवते. मी बाबांशी खोटं बोललो होतो.

त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपेक्षा मोठी असते ती तिच्यानंतरची मंडई. गावोगाव भरते. दिवसा जत्रा, रात्रभर नाटक किंवा दंडार. लेकी-जावई, पाव्हणे, सगळे येतात. बाबा तरुणपणी दंडारीत ढोलकी वाजवायचे. मंडईला मुलगा घरी नाही, हे त्यांच्या हिशेबात बसतच नाही. माझ्या सुट्ट्या मात्र मॅचेसमध्ये उडाल्या होत्या. मी फोनवर सांगून टाकलं, ‘ऑफिसनं सुट्टी दिली नाही, बाबा.’

‘बरं,’ ते म्हणाले.

चार दिवसांनी आतेभावानं त्यांना कौतुकानं इन्स्टाग्राम दाखवलं. त्यात मी. भर सोमवारी, निळं तोंड रंगवून, नेरूळच्या स्टेडियमवर. बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फोन केला की नुसतं ‘जेवला का?’ आणि लगेच ‘घे, आईशी बोल.’ असं थेट एप्रिलपर्यंत चाललं.

एप्रिलमध्ये लीगची शेवटची मॅच आली. १५ तारखेला कोलकात्यात, मोहन बागानविरुद्ध. आमचे ४७ पॉइंट, त्यांचे ४५. ड्रॉ झाली तरी शील्ड आमची. आम्ही सात जणांनी गीतांजली एक्स्प्रेसची तिकिटं काढली, आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. हावडा लाइन! गीतांजली गोंदियाला थांबते.

खरं सांगू? वरच्या बर्थवर तोंडावर चादर घेऊन गोंदिया पार करायचं असा माझा प्लॅन होता. पण संध्याकाळी नागपूर आलं आणि पोटात कसंतरी व्हायला लागलं. आपल्या गावावरून जायचं, तेही लपून? फोन लावला.

‘बाबा, मी आज रात्री गोंदियावरून चाललोय. कलकत्त्याला.’

‘कामानं?’

सांगता आलं असतं, हो. ‘नाही. मॅचला.’

दोन क्षण काहीच आवाज नाही. मग, ‘किती जण हाये?’

‘सात.’

फोन बंद.

रात्री गोंदियाला गाडी लागली. आंबेडकर जयंतीचा दिवस होता, बाहेरून डीजेचा आवाज येत होता. दारात उतरलो तर समोर बाबा. नागपूर ते गोंदिया गाडीला लागतात जेमतेम पावणेदोन तास. तेवढ्या वेळात आईनं सात जणांच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली होती, आणि बाबा गोरेगावाहून मोटारसायकलवर ती घेऊन आले होते. माझे मित्र दारात येऊन ‘नमस्कार काका’ करू लागले. बाबा म्हणाले, ‘जेवून घ्या पोट्टेहो, गरम हाये.’ मग माझ्या हातात एक जड थैली दिली.

‘हे काय?’

‘तांदूळ. नवा होता. दिवाळीले तू आला नाहीस, तं राहून गेला.’

गाडी हलली. मला काही बोलताच आलं नाही. पुऱ्या सगळ्यांनी मिटक्या मारत संपवल्या, मी खिडकीबाहेर बघत बसलो. अंधारात काय दिसणार म्हणा!

आणि मॅच? सॉल्ट लेक स्टेडियमवर साठ हजारांहून जास्त माणसं. अंधेरीचं आमचं स्टेडियम दहा हजारांच्या आतलं. आम्ही सात जण घसा फाडून ओरडत होतो आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. २८व्या मिनिटाला लिस्टन कोलासो, ८०व्या मिनिटाला कमिंग्स. ८९व्या मिनिटाला छांगतेनं एक गोल फेडला तेव्हा आम्ही एकमेकांचे हात गच्च धरले. एक! फक्त एक अजून! झाला नाही. १-२. मोहन बागान ४८, आम्ही ४७. एका पॉइंटनं शील्ड गेली. हॉटेलवर परत आलो तर कोपऱ्यात तांदळाची थैली. ती बघून सगळ्यांना एकदम हसू फुटलं. शील्ड न्यायला आलो होतो, तांदूळ घेऊन चाललो!

परतताना थैली मित्रांकडे दिली आणि मी पहाटे गोंदियाला उतरलो. १९ तारखेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, माझं नाव अजून तिथल्याच यादीत. बाबा अंगणात चहा घेत बसले होते.

‘हरले?’

‘हो.’

‘किती लोक होते तिथं?’

‘साठ हजारांवर.’

‘अन् तुम्ही सात. मंग आवाज पोचला का?’

हा प्रश्न मला ऑफिसात, रूमवर, कुठ्ठे कुणी विचारला नव्हता. सगळे विचारतात, जिंकून तुला काय मिळतं? बाबांनी कित्येक रात्री दंडारीत ढोलकी वाजवलीय. तिथं कोण जिंकतं?

‘पोचला नसेल,’ मी म्हटलं. मग एकदाचं बोलून टाकलं, ‘बाबा, दिवाळीला सुट्टी मिळाली नव्हती असं नव्हतं.’

‘मालूम हाये,’ ते म्हणाले आणि कप विसळायला उठले. जाता जाता विचारलं, ‘आता पुढची कवा?’

पुढची होती सेमीफायनल. २४ एप्रिलला फातोर्ड्यात गोव्याविरुद्ध. मी परत मुंबईत. ९०व्या मिनिटापर्यंत ०-२. रूममेट मोबाइल ठेवून आंघोळीला गेला. तो बाहेर येईपर्यंत आम्ही ३-२ जिंकलो होतो! छांगते, विक्रम प्रताप, पुन्हा छांगते. पाच दिवसांनी अंधेरीत २-० आणि थेट फायनल. ४ मे, शनिवार. पुन्हा तेच सॉल्ट लेक, पुन्हा तेच मोहन बागान.

ग्रुपवर पंधरा मिनिटांत तिकिटांची जमवाजमव सुरू झाली. आणि त्याच रात्री बाबांचा फोन, स्वतःहून. ‘फायनल हाये म्हणते. इथंच येऊन पाह्य ना टीव्हीवर.’

आता बोला! मी दोन दिवस टाळलं. आयुष्यात एकदा येते अशी मॅच. पण बाबांनी मला असं बोलावलं होतं तेही बहुधा पहिल्यांदाच. शुक्रवारी संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस पकडली. ग्रुपवर एकानं लिहिलं, ‘एक्स्ट्रा ईस्ट ट्रान्सफर झाला.’

तर फायनल मी गोरेगावात पाहिली, परमनंट अॅड्रेसवर. निळी जर्सी घालून, शेजारची पाच पोरं, आई आणि बाबा. हाफटाइमच्या तोंडावर कमिंग्सनं गोल मारला तेव्हा बाबा ‘हाच काय तो?’ म्हणाले. ५३व्या मिनिटाला पेरेरा डियाझनं बरोबरी साधली. आणि मग लाइट गेली! मग आठ डोकी एका मोबाइलवर. ८१व्या मिनिटाला बिपिन सिंग.

‘हा कुठला पोट्टा?’ बाबांनी विचारलं.

‘मणिपूरचा.’

‘अन् तो बारका, पळणारा?’

‘छांगते. मिझोरामचा.’

‘म्हणजे मुंबईचं कोणीच नाही?’

‘कॅप्टन आहे ना, राहुल भेके.’

‘एकच? मग बरं हाये,’ ते म्हणाले. का कोण जाणे, खूश दिसले. इंज्युरी टाइममध्ये वोयतुशनं तिसरा मारला तेव्हा ते खुर्चीच्या हातावर दंडारीचा ठेका धरून होते.

३-१. कप आमचा. पाच मिनिटांत सॉल्ट लेकवरून व्हिडिओ कॉल आला. नुसता गोंधळ, निळे झेंडे, रडके चेहरे आणि ‘एक्स्ट्रा ईस्ट! एक्स्ट्रा ईस्ट!’ मी तिथं नव्हतो याची हळहळ अजून वाटते, खोटं कशाला बोलू? पण बाबांनी माझ्या हातातला मोबाइल घेतला, अगदी जवळ धरला आणि ओरडले, ‘तांदूळ संपला का पोट्टेहो?’

त्या कॉलचा स्क्रीनशॉट जुलैत पुन्हा ग्रुपवर आला. कोपऱ्यात स्टेडियम, आणि बाकी सगळ्या स्क्रीनभर बाबांचं कपाळ. मी तो बाबांना पाठवला. रात्री फोन आला.

‘मॅचेस बंद झाल्या म्हणते?’

‘सध्या तरी थांबल्यात.’

‘मंग मंडईले येशीन?’

‘येईन, बाबा. मॅच असली तरी येईन.’

‘तसं नको,’ बाबा म्हणाले. ‘मॅच असली तं सांगून दे फक्त.’