माझ्या मालकीचे गवत

मास्तराने जमिनीच्या भानगडीत पडू नये, असे आमचे वडील म्हणत. तरीही बोईसरजवळच्या एका गावात दोन गुंठ्यांचा तुकडा मी घेतला, आणि यंदा ऐन आश्विनात ग्रामपंचायतीचे पत्र आले. ‘आपल्या जागेत रान माजले असून शेजाऱ्यांस सर्पभय आहे. सात दिवसांत साफ करावे.’

शेजाऱ्यांचे भय खरे होते. रविवारी सकाळीच डहाणू लोकल पकडली. गाडीत १९५८ चा ग्रामपंचायतींचा कायदा चाळला. केरकचऱ्याचे ढीग, माजलेले रान आणि निवडुंग काढून टाकणे, ही कामे तिथे गावाच्या आरोग्याच्या सदरात घातली आहेत. निवडुंगाला कायद्यात मिळालेला हा मान पाहून मौज वाटली!

पालघर मागे पडले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ते जिल्ह्याचे गाव झाले, तेव्हापासून त्याचा रुबाब वाढला आहे. बोईसरला मात्र रुबाबाला वेळ नाही. तारापूरच्या कारखान्यांची पाळी सुटते न सुटते तोच दुसरी भरते. पलीकडे समुद्रकाठी १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र. आणि या साऱ्याच्या मध्ये माझे कमरेएवढे गवत!

टाकळा शेंगांनी लवला होता, कुर्डूचे तुरे पांढरे झाले होते. आषाढात याच दोघांची भाजी आपण कौतुकाने खातो. आश्विनात त्यांचे ‘रान’ होते.

बांधावर एक वारली म्हातारी विळा घेऊन उभी होती. तिच्या बोलीत अहोजाहो नाही.

“कापू काय रं बाबा?”

“काय घेशील?”

“पैसं नको. गवत दे. शेळ्या हायेत.”

फुकटात काम होत होते. ‘बरं’ म्हणणार, तोच ती सहज म्हणाली, “माझी आयस सावकाराचं गवत कापायची. पोटाला पुरं मिळत नव्हतं.”

मी गप्प झालो. एके काळी या भागातले गवत दाबून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. १९४५ साली वारल्यांनी मागणी केली, पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये द्या. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्यांवर गोळीबार झाला. पाच माणसे गेली. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी वर्गात कितीदा वाखाणले आहे! आणि इथे दोन गुंठ्यांचा मालक होताच मी फुकट कापणीला तयार झालो होतो.

“गवतही ने आणि दिवसाची मजुरीही घे,” मी म्हणालो. तिने एकवार माझ्याकडे पाहिले, आणि मग गावातल्या मजुरीचा आकडा स्पष्ट सांगितला. घासाघीस मी केली नाही.

संध्याकाळपर्यंत जागा मोकळी झाली. भारा डोक्यावर घेऊन ती निघाली, तेव्हा वाळत्या गवताचा गोड वास मागे राहिला.

घरी येऊन पंचायतीला उत्तर लिहिले, ‘माझ्या मालकीचे गवत काढले आहे.’ मग ‘माझ्या मालकीचे’ हे दोन शब्द खोडले. वाक्य तेवढ्यानेही पुरे होत होते.