आईची उपमा

२०२३ च्या पावसाळ्यात, केमोथेरपीच्या दुसऱ्या आवर्तनानंतर, आईच्या रक्ताचा अहवाल आला : पांढऱ्या पेशी ९००. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर चालणारे औषध अस्थिमज्जेतील निर्मितीही रोखते. भेटायला येणारे बंद झाले, तापमापक उशाशी आला. धीर द्यायचा म्हणून मी वर्गातल्यासारखे बोललो, "आई, या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. सध्या कमी आहेत, पण तुला लढायचे आहे."

"मी कुठे लढतेय रे? मी तर नुसती पडून आहे."

माझी उपमा तिथेच पांगळी झाली. शत्रू, हल्ला, तटबंदी ही भाषा आपण सहज वापरतो. पण मग जो बरा होत नाही, तो लढण्यात कमी पडला असे म्हणायचे का? सुसान सोंटाग यांनी १९७८ मध्ये 'इलनेस अ‍ॅज मेटफर'मध्ये या युद्धभाषेवर बोट ठेवले होते. मी ते शिकवलेही होते.

त्या रात्री इल्या मेचनिकॉफ यांच्याविषयी वाचले. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे, घरची मंडळी सर्कशीला गेलेली असताना, ते तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांतील फिरत्या पेशी न्याहाळत होते. त्यांच्या अभ्यासाचा विषय पचनाचा. अन्न गिळणाऱ्या या पेशी बाहेरून घुसलेल्या वस्तूचाही समाचार घेत असतील, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे अळ्यांना टोचले. सकाळी काट्यांभोवती पेशी गोळा झालेल्या होत्या! १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले.

म्हणजे या कल्पनेचा उगम रणांगणात नाही, पचनात आहे. न्यूट्रोफिल जंतूला गिळते, आतल्या आत पचवते आणि थोड्याच काळात मरते. ज्या पुवाची आपल्याला किळस येते, त्यात बहुतांशी याच मेलेल्या पेशी असतात. काही लसिकापेशी मात्र एकदा भेटलेला जंतू वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

सकाळी हे सारे आईला सांगितले. जन्मभर घरातल्या पंगती सांभाळलेली ती बाई क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे उष्टी काढणाऱ्या बायका म्हण की. त्या आहेत हे पत्रावळी तशाच पडून राहिल्या की कळतं."

मी गप्प राहिलो. इतकी वर्षे अलंकार शिकवूनही ही उपमा मला सुचली नव्हती.

पुढच्या अहवालात आकडा ३,२०० होता. तो ऐकून आई म्हणाली, "आल्या वाटतं बायका."