मागच्या दोन चाकांचा हिशेब

माझ्याकडे येणारा हौशी गाडीवाला आधी इंजिनाचं बोलतो. रीमॅप करायचाय, इनटेक बदलायचाय, एक्झॉस्ट मोकळा करायचाय. मी त्याला एकच विचारतो: आत्ता जी ताकद आहे, ती वळणातून बाहेर पडताना रस्त्याला लागते का? भोसरीच्या शेडमध्ये माझं काम गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं, त्यामुळे माझं मत कुणाला एका बाजूचं वाटेल. तरी ते ठामपणे मांडतो. वेगवान गाडीवर पैसे घालायचे तर आधी टायर, मग डिफ, आणि हॉर्सपॉवर सगळ्यांत शेवटी.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांत दीड मीटरचं अंतर असेल तर एका पूर्ण फेरीत बाहेरचं चाक जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त चालतं, मग वळण लहान असो की मोठं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर त्यातलं एक घासटत जाणार. यावर गिअरांचा तोडगा पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी १८२० च्या दशकातच काढला. दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू द्यायचं आणि टॉर्क मात्र दोघांना सारखा द्यायचा. हेच डिफरन्शियल.

अडचण त्या ‘सारखा’मध्येच आहे. घाटातल्या ओल्या वळणावर वजन बाहेर झुकलंय, आतलं मागचं चाक हलकं झालंय आणि ते ४०० न्यूटन मीटरच्या वर टॉर्क पेलू शकत नाही, असं धरा. बाहेरचं चाक आरामात १५०० पेलेल. साधं डिफ दोघांना सारखं वाटणार, म्हणजे बाहेरच्यालाही ४०० च. एकूण ८००. पाय आणखी दाबलात तर वाढलेली सगळी ताकद आतलं चाक गरागरा फिरवण्यात जाते. इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. अशा गाडीला आणखी ५० हॉर्सपॉवर दिली तर ते चाक आणखी जोरात फिरेल, एवढंच.

शर्यतीच्या दुनियेला हा अनुभव फार लवकर आला. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी सोळा सिलिंडरची, मागे इंजिन असलेली गाडी आखली. तिची ताकद एवढी, की चांगल्या वेगातही एक मागचं चाक सुटून फिरायचं. तेव्हा झेडएफ कंपनीकडून घसरणीला आवर घालणारं डिफरन्शियल बनवून घेतलं गेलं. आज आपण ज्याला एलएसडी म्हणतो, त्याची वंशावळ तिथपर्यंत जाते.

बाजारात त्याचे प्रकार बरेच आहेत. सिलिकॉनच्या दाट द्रवावर चालणारं व्हिस्कस युनिट आता मागे पडलंय. चाक घसरून द्रव तापेपर्यंत ते जागंच होत नाही, मला ते कधीच पटलं नाही. खरी निवड करायची ती दोघांत: प्लेटवालं आणि हेलिकल.

प्लेटवाल्यात क्लचसारख्या चकत्यांची चळत असते. टॉर्क आला की मधली पिन उतरणीवर चढते, दोन प्रेशर रिंगा एकमेकींपासून लांब सरकतात आणि चकत्या दाबल्या जातात. उतरणीचा कोन किती, चकत्या किती, स्प्रिंगचा प्रीलोड किती, यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो. ३० अंशाची उतरण ६० अंशाच्या उतरणीपेक्षा कितीतरी करकचून धरते. फक्त पाय दिल्यावर धरणारं ते वन-वे, पाय सोडल्यावरही तेवढंच धरणारं ते टू-वे, आणि मधलं दीड-वे. टू-वे ड्रिफ्टिंगवाल्यांना आवडतं. रस्त्यावरच्या गाडीत वळणाच्या तोंडाशी पाय सोडला की ते गाडीला सरळ ढकलत राहतं, म्हणून रोजच्या गाडीला मी ते बसवत नाही. शिवाय चकत्या झिजतात, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण कापून वळताना मागून कटकट ऐकू येते.

हेलिकलमध्ये चकत्या नाहीत, नुसते तिरक्या दातांचे गिअर. टॉर्क आला की ते आपल्या खोबणीच्या भिंतीवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून जास्त वाटा पकड असलेल्या चाकाकडे जातो. हे प्रमाण अडीचास एक असेल, तर मघाच्या वळणावर आतल्याला ४०० आणि बाहेरच्याला १०००. एकूण १४००. इंजिनाला हात न लावता ८०० चे १४०० झाले. उणीव एकच, पण ती मोठी आहे: एक चाक साफ हवेत उचललं गेलं तर अडीच गुणिले शून्य शून्यच. खडकाळ वाटेवर म्हणूनच या प्रकाराचा उपयोग नाही. तिथे थारसारख्या गाडीत असतो तसा, दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर लागतो.

अलीकडे एफ-३० पिढीची एक बीएमडब्ल्यू ३२८आय आली. मूळची २४५ हॉर्सपॉवर आणि ३५० न्यूटन मीटर, वरून रीमॅप झालेला, मागे मात्र कारखान्यातलं साधं डिफ. मालक रोज ऑफिसला नेतो आणि सवड काढून कोइमतूरच्या करी ट्रॅकवर जातो. त्याच्या मनात प्लेटवालं होतं, मी हेलिकल सुचवलं. अशा वापराला न झिजणारी, न कुरकुरणारी गोष्ट हवी.

काम वाटतं तितकं सोपं नसतं. जुन्या बीएमडब्ल्यूमध्ये क्राउन, म्हणजे डिफचा मोठा गिअर, केजला बोल्टांनी आवळलेला असायचा, या पिढीत तो वेल्ड केलेला आहे. क्राउन टाकून दुसरा आणावा म्हटलं तर त्याला फिरवणारा छोटा पिनियनही बदलावा लागतो, कारण ती जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून तयार केलेली असते. आम्ही जोडी तोडली नाही. केज लेथवर चढवून वेल्ड बारीक बारीक कट घेत कापला, कूलंटची धार सतत चालू ठेवून. क्राउनचे दात हार्डन केलेले असतात. जॉब तापला की त्यांचा कडकपणा गेलाच समजा. मग आतला व्यास नव्या युनिटच्या बैठकीला नेमका बसेल असा टर्न केला, बोल्ट टॉर्क रेंचने समोरासमोर आवळले आणि डायल गेज लावून क्राउन लचकत तर नाही ना ते पाहिलं.

यानंतर शिमांची, म्हणजे क्राउनची जागा नेमकी करणाऱ्या पातळ रिंगांची पाळी. पिनियन धरून ठेवायचा, डायलची सुई क्राउनच्या दातावर टेकवायची आणि क्राउन बोटांनी मागेपुढे हलवायचा. सुई मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास हलली पाहिजे, आणि क्राउन फिरवून निरनिराळ्या जागी बघितलं तरी तेवढीच. जास्त हलली तर एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घालायची, म्हणजे बेअरिंगचा दाब तसाच राहतो. मग दातांवर मार्किंग पेस्टचा पातळ हात द्यायचा, थोडा अडसर ठेवून क्राउन फिरवायचा आणि ठसा बघायचा. दाताच्या मधोमध, लांबट, दोन्ही टोकांपासून सुटा असा ठसा आला की बरोबर. टोकाला सरकला असेल तर सगळं पुन्हा उघडायचं. महागातलं महाग युनिट इथे घाई केली की हायवेवर ठरावीक वेगाला सुरात वाजू लागतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये दात खातं. गिऱ्हाईक युनिटच्या ब्रँडवर तासन्‌तास चर्चा करतात, शिमांबद्दल कुणी विचारत नाही. गाडीचं आयुष्य मात्र या शिमांवर असतं.

बसवून झाल्यावर मालकाला एक गोष्ट मी बजावून सांगितली, ती इथेही लिहितो. साध्या डिफमध्ये एक चाक सुटून फिरत असताना दुसरं गाडीची शेपटी आडवी जाऊ देत नाही. एलएसडीने दोघांना कामाला जुंपलं की पकड जास्त मिळते खरी, पण हद्द ओलांडली तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि मागची बाजू झटक्यात बाहेर येते. पावसाळ्यातल्या ताम्हिणीत ही चूक पोटात घ्यायला जागा नसते. म्हणून रस्त्यावर स्टॅबिलिटी कंट्रोल कधीही बंद करायचा नाही, मागचे दोन्ही टायर एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले ठेवायचे, आणि गाडीची हद्द बघायची ती ट्रॅकवर.

तेलाचंही सांगतो, कारण नुकसान बहुतेकदा तिथे होतं. हेलिकलला चांगलं जीएल-५ तेल पुरतं. प्लेटवाल्याला मात्र फ्रिक्शन मॉडिफायर असलेलं, एलएसडीसाठीचं तेलच लागतं. नव्या चकत्या बसल्या की मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात हळूहळू गाडी फिरवून त्या रुळवायच्या आणि ते पहिलं तेल लगेच काढून टाकायचं. डिफ बदललंय, कोणतं बसवलंय आणि त्यात कोणतं तेल चालतं, हे सर्व्हिस बुकात ठळक लिहून ठेवा आणि विमा कंपनीलाही कळवा. गाडी विकायची वेळ आली तर तो कागद नव्या मालकाच्या हातात द्या.