फासे, कृष्णाकाठ आणि ऑन-कॉल

फासे म्हटलं की आपल्याकडे पहिला शकुनीच आठवतो. त्यामुळे "शनिवारी सांगलीला फासे खेळायला जातोय" असं सांगितलं की आईचा चेहरा बघण्यासारखा होतो. "अरे, एवढं इंजिनिअरिंग शिकवलं ते याच्यासाठी?" यात पैसे लावत नाहीत, कुणी जिंकत नाही की हरत नाही, हे तिला अजून पटलेलं नाही. असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणायचं. बाकीचे एकेक पात्र घेतात. डीएम प्रसंग सांगतो, आपलं पात्र काय करतंय ते प्रत्येक जण बोलून सांगतो, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस्स. नियमांचा गाभा २०२३ पासून मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो. म्हणजे खर्च काय तो फाशांचा आणि भडंगाचा :)

आम्ही चौघं सांगलीला वालचंदचे, एकाच बॅचचे. हॉस्टेलवर वेळच वेळ होता, रात्र रात्र खेळलो. आता दोघं पुण्यात, एक बंगळूरला आणि एक सांगलीतच. चौघंही आयटीवाले. माझ्याकडे पेमेंटचे सर्व्हर आहेत, त्यामुळे ऑन-कॉलच्या आठवड्यात रात्री दोनला फोन वाजला की उठून लॅपटॉप उघडायचा. कुणाचा रिलीज, कुणाचं ऑडिट, कुणाचं बाळ... गेल्या वर्षी दिवाळी ते होळी एकदाही बसणं झालं नाही. मग एकाने ग्रुपवर विचारलं, "बंद करूया का?" दोन दिवस कुणीच उत्तर दिलं नाही. 'हो' म्हणवत नव्हतं आणि 'नाही' म्हणायला शनिवार मोकळा नव्हता.

तेव्हा मला विष्णुदास भावे आठवले. सांगलीत चार वर्षं काढलेल्या माणसाला भावे माहीत नाहीत असं होत नाही. नाट्यमंदिराला त्यांचं नाव आहे, ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्यांच्यामुळे आहे. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. त्या नाटकांना लिहिलेले संवादच नव्हते! भाव्यांनी पदं रचलेली, सूत्रधार ती म्हणायचा आणि पात्रं आपापलं भाषण जागच्या जागी रचून बोलायची. म्हणजे डीएमच की हो, १३१ वर्षं आधीचा. गायगॅक्सने सांगलीतून चोरलं असं मी म्हणत नाही हं. पण रीत तीच.

१८५१ साली चिंतामणराव गेले आणि राजाश्रय संपला. भाव्यांनी खेळ गुंडाळला नाही, मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत प्रयोग केले. आमचा राजाश्रय म्हणजे हॉस्टेलचा रिकामा वेळ. तो संपला होता, एवढंच.

मग तीन गोष्टी ठरल्या. पहिली, डीएमची, म्हणजे माझी, तयारी एका पानाची. जागा कुठली आणि तिथे कुणाला काय हवंय, एवढंच लिहायचं. गोष्ट कृष्णेवर आणली. माहुलीला वेण्णा मिळते तिथून नाव निघते, हरिपूरला वारणा मिळते तिथपर्यंत जायचंय. नदी सगळ्यांच्या ओळखीची, नकाशा काढायलाच नको. दुसरी, चारांत तीन आले की खेळ होणार. तिसरी, महिन्याचा दुसरा शनिवार पक्का. त्या दिवशी मी ऑन-कॉल घेत नाही. बदल्यात लक्ष्मीपूजनाची रात्र घेतली. पूजा चालू होती आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. आई बोलली नाही, पण बघितलं तिने. हा सौदा फुकटचा नाही.

लोक विचारतात, याचा कामात उपयोग होतो का? होतही असेल. पण त्यासाठी आम्ही खेळत नाही. आठवडाभर माझं काम एकच, अनपेक्षित काही घडू द्यायचं नाही. सर्व्हरने धक्का दिला तर तो बग. शनिवारी बरोबर उलटं, मित्राने धक्का दिला नाही तर सांगलीची एसटी वाया.

मागच्या महिन्यात मी एक लबाड नावाडी उभा केला होता, पकडून मारामारी करायला. बंगळूरवाल्याने तलवारच काढली नाही. नावाड्याशेजारी बसला आणि म्हणाला, "तू हे कशासाठी करतोस?" फाशावर एकोणीस पडले. आता नावाड्याला खरं बोलणं भाग होतं, आणि माझ्या पानावर उत्तर नव्हतं. मी तोंडाला आलं ते बोलत गेलो. पुरात गेलेलं घर, नावेवरचं कर्ज, परत न आलेला भाऊ. सांगलीवाल्याने २०१९ चा पूर घरात घेतलेला आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याच्या पात्राने आपल्या वाट्याची मोहरांची थैली नावेत ठेवून दिली. रात्रीचा दीड वाजला होता आणि तासाभरात कुणी फोनकडे बघितलं नव्हतं.

बंगळूरवाल्याचं जर्मनीला जायचं चाललंय. बहुतेक पुढच्या वर्षी. मग आम्ही तिघं उरू.

तीन चालतात. नियमच आहे तसा.