हरणाचं लायसन

माझ्या पाकिटात हरणं मारायचं लायसन आहे. पंचवीस डॉलरचं. आई माळकरी, मी पहिलं आम्लेट खाल्लं तेही होस्टेलवर. पण अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि त्यातून सुटायची नेहमीची वाट म्हणजे एखाद्या राज्याचं शिकारीचं लायसन. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घ्यायलाही ते लागतं. काढलं.

६ मे २०२३ ला डॅलसच्या उत्तरेला ॲलनमधल्या आउटलेट मॉलमध्ये एकाने गोळीबार केला. आठ माणसं गेली. त्यात हैदराबादची एक इंजिनियर होती, जवळपास माझ्याच वयाची. भारतात जायच्या आधी आम्ही सगळे बूट आणि बॅगा घ्यायला तिथेच जातो. त्यानंतर कुठल्याही दुकानात शिरलो की मी आधी मागचं दार शोधायला लागलो.

टेक्ससमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून, कायद्याने बंदी नसेल तर, २१ वर्षांवरच्या माणसाला वेगळ्या परवान्याशिवाय कंबरेला पिस्तूल लावून फिरता येतं. मी एक्सेल शीट उघडली. फोन घेतानाही मी तेच करतो. ग्लॉक १९ : पंधरा गोळ्या, चार इंची नळी, भरल्यावर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. सिग पी३६५ : दहा गोळ्या, तीन इंचांहून जरा जास्त नळी, रिकामं अर्धा किलो. लपवायला दुसरं सोपं. सरळ उत्तर वाटलं.

ऑफिसमधला एक पन्नाशीचा टेक्सन मला रेंजवर घेऊन गेला. सात यार्डांवर कागदी माणूस. छोटं पिस्तूल हातात उसळतं, कारण तोच ९ एमएमचा धक्का झेलायला वजनच कमी असतं. वर पुढची-मागची साइट जवळजवळ, त्यामुळे मनगट जरा हललं तरी नेम बराच सरकतो. माझ्या दहापैकी तीन गोळ्या कागदी माणसाच्या बाहेर गेल्या. ग्लॉकने एकच गेली, पण ते माझ्या टीशर्टखालून स्पष्ट दिसत होतं. म्हणजे जे लपतं ते लागत नाही आणि जे लागतं ते लपत नाही. आणि कागदी माणूस पळत नव्हता, त्याच्या मागे कुणाचं पोर उभं नव्हतं. ॲलनमध्ये हल्लेखोराला मारलं ते दुसऱ्याच कामासाठी तिथे आलेल्या एका पोलिसाने.

"पिस्तूल नंतर, होल्स्टर आधी निवड," टेक्सन म्हणाला. मी पाहिलेल्या दोन्ही मॉडेलना सेफ्टीचं वेगळं बटण नव्हतं. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर आणि स्वतःचं बोट, भिस्त एवढ्यावरच. त्याने मला सरावाचं निळं प्लास्टिकचं पिस्तूल दिलं. "आठवडाभर लावून फीर."

फिरलो. बेंबीच्या जरा उजवीकडे, पँटच्या आत. बुटाची नाडी बांधताना टोचतं. गाडीत बेल्ट लावताना टोचतं. पण खरी अडचण वेगळीच निघाली : ते काढायचं किती वेळा! ऑफिसात बंदी. जिममध्ये कुठे ठेवणार? गाडीत ठेवावं तर चोरीला जातं. शेवटी दिवसातले बहुतेक तास ते माझ्या पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्येच पडून होतं.

पाचव्या रात्री पाणी प्यायला उठलो आणि त्या ड्रॉवरकडे बघत बसलो. गेल्या वर्षी माझी नोकरी गेली होती. या व्हिसावर नवीन काम शोधायला साठ दिवस मिळतात. बेचाळिसाव्या दिवशी पहाटे तीनला मी याच पलंगावर बसलो होतो. आईला फोनवर "सगळं मजेत" सांगून झालं होतं आणि डोक्यात काय चाललं होतं ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तेव्हा या ड्रॉवरमध्ये एक चार्जर आणि झंडू बाम होता. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक आत्महत्या केलेले असतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. शीटमध्ये मात्र त्याचा कॉलम नव्हता. मी समोरच्या माणसासाठी वजनं मोजत बसलो होतो.

सोमवारी निळं पिस्तूल परत दिलं. "कुठलं ठरलं?" त्याने विचारलं. म्हटलं, अजून नाही. त्याने मान डोलावली आणि कॉफी ओतून घेतली.

मॉलमध्ये मी अजून मागचं दार शोधतो. लायसन ३१ ऑगस्टपर्यंत चालतं.